चिरंजीवांची ग्रँड टूर

अख्ख्या अमेरिकेत अठराव्या शतकात राहणारा मराठी माणूस एकच होता, आणि माझ्या नशिबाने दर रविवारी मी त्याच्याच घरी जेवायला असायचो. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मी शिकागोत पीएच.डी. करत होतो, म्हणजे बिघडलेल्या यंत्रासमोर बसून जांभया देत होतो. काका माझ्या वडिलांचे कॉलेजमित्र, नेपरव्हिलला राहायचे. आठवड्याचे पाच दिवस ते ट्रेनने शिकागोला जाऊन सांडपाण्याच्या पाइपांची ड्रॉइंग तपासायचे आणि उरलेले दोन दिवस इटलीत असायचे. खरंखुरं नव्हे हो, स्लाइड प्रोजेक्टरवर! काकूंच्या हातचा वरणभात पोटात गेला की काका पडदे ओढत आणि भिंतीवर तेच घुमट, त्याच कमानी, तेच नाक तुटलेले पुतळे उगवत. पहिल्या वर्षी मी मान डोलावली, दुसऱ्या वर्षी डुलक्या काढल्या. तिसऱ्या वर्षी मात्र वरणभात नको पण स्लाइड आवर, अशी माझी गत झाली.

काकांचं म्हणणं असं, की पूर्वी इंग्लंडातले उमराव पोरगा वयात आला की त्याला दोन-तीन वर्षं इटलीला धाडत. चित्रं बघ, इमारती बघ, जरा माणूस होऊन ये. याला म्हणत ग्रँड टूर. आपल्या चिरंजीवांनाही हायस्कूल संपल्यावर, कॉलेजच्या आधीच्या उन्हाळ्यात ही यात्रा घडवायची, हे काकांनी ते पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. त्याची जाडजूड फाइल होती. कुठल्या सकाळी कुठल्या चर्चपुढे उभं राहायचं, कुठल्या खांबावर किती वाजता ऊन येतं, सगळं तिच्यात. उमरावाच्या पोराबरोबर एक शिक्षक जायचा म्हणे; तो मान काकांनी मला न विचारता बहाल केला. मी म्हटलं, "काका, मला वेल्डिंगमधलं कळतं, चित्रातलं काय कळणार कपाळ!"

"त्या शिक्षकांना तरी कुठे कळायचं? पोराला दारू-जुगारापासून लांब ठेवायचं, बस्स."

स्वतः काका जन्मात एकदाच रोमला गेले होते. अमेरिकेला येताना विमान तिथे चार तास थांबलं. व्हिसा नव्हता, म्हणून काचेआडून त्यांनी एक पेट्रोलचा टँकर आणि एक झाडूवाला पाहिला. "पण झाडू धरायची काय ऐट होती रे!" असं ते अजून सांगत. त्यांना आर्किटेक्ट व्हायचं होतं, वडिलांनी सिव्हिलला घातलं. हे मात्र ते एकदाच बोलले, प्रोजेक्टरचा दिवा बदलता बदलता.

एकदा वैतागून मी म्हटलं, "मग तुम्हीच का नाही जात?"

"छे! बापाने घरी बसून पत्रं वाचायची असतात. ती पोरं बापाला पानंच्या पानं लिहायची."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. घरात चिरंजीव बापाशी 'येस', 'नो' आणि 'व्हॉटेव्हर' यापलीकडे चकार शब्द बोलत नसत. काकांना इटलीपेक्षा ती पत्रं हवी होती.

मे महिन्यात एका रविवारी काकांनी विमानाची तिकिटं जेवणाच्या टेबलावर ठेवली. चिरंजीवांनी ती बाजूला सारून केचपची बाटली घेतली. "बाबा, आय अ‍ॅम नॉट गोइंग." ते मित्रांबरोबर एका खटारा गाडीतून कॅलिफोर्नियाला निघाले होते. "इट्स युअर ट्रिप, बाबा. यू गो." काकांनी पानातला भात तेवढा संपवला. त्या दुपारी पडदे ओढले गेले नाहीत. तीन वर्षं ज्या सुटकेसाठी मी देव पाण्यात घालून बसलो होतो ती मिळाली, आणि मला फार वाईट वाटलं.

चिरंजीव जूनमध्ये गेले. काका ट्रेनमधून उतरून घरी आले की आधी टपालपेटी उघडत. पेटीत नुसत्या जाहिराती. "अहो, दुपारी फोन आला होता त्याचा, बरा आहे," काकू सांगत. "फोन काय, कुणीही करतं," म्हणून काका जिना चढत.

चौथ्या आठवड्यात साउथ डकोटाहून एक कार्ड आलं. त्यावर टेकडीवरचा काँक्रीटचा हिरवागार डायनासोर! मागे इंग्रजीत खरडलेलं: मान फार लांब, पाय बारीक, प्रपोर्शन साफ चुकलंय. बाबा, यू वुड हेट इट. विश यू वेअर हिअर.

रविवारी काकांनी ते माझ्या हातात दिलं. "प्रपोर्शन म्हणतोय बघ! म्हणजे इतकी वर्षं स्लाइड बघताना कार्टं जागं होतं." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "ती शेवटची ओळ... कार्डावर सगळेच लिहितात का रे तसं?"

ही ओळ तिथे कार्डावर सगळेच खरडतात, हे वीस वर्षं अमेरिकेत काढलेल्या माणसाला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! मी आठवडाभराचा शिणलेलो होतो, खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. तरी म्हटलं, "नाही काका. सहसा कुणी नाही लिहीत."

काकांनी कार्ड परत घेतलं, पुन्हा उलटून तो डायनासोर पाहिला.

"विचारलं असतं त्याने, तर गेलो असतो रे मी," ते म्हणाले. "अगदी हा बघायलासुद्धा."