झाकणावरचं पाणी

माझा धाकटा भाऊ रंगारी. चित्रं काढणारा नव्हे, भिंती रंगवणारा. लोकांची घरं चकाचक करून देईल आणि स्वतःच्या स्वयंपाकघराला पोपडे. माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, पण जीभ म्हणजे उचलली की लावली टाळ्याला. आपलेच दात नि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? तरी मी बोलतेच.

त्याची बायको थंडीत गेली. तापाचं निमित्त झालं, बस. फार गुणी बाई. माझी भावजय म्हणून नाही सांगत, त्याच्यासारख्याबरोबर संसार करायचा म्हणजे खायचं काम नव्हतं. ती गेल्यावर हा कधी डबा, कधी पाव, असं ढकलत होता. मग एकदा त्याचा फोन आला.

"अक्का, रविवारी लेक येतेय जेवायला. तिची आई गेल्यावर पहिल्यांदाच. मला फ्लॉवर-बटाट्याची भाजी शिकव. तिची आई करायची तशी."

"जन्मात कधी कढईला हात लावला नाहीस, आणि आता वरातीमागून घोडं होय रे?"

"म्हण काय म्हणायचं ते. पण ये. आईसाठी यायची ती. माझ्यासाठी कशाला येईल? दोन घास तरी पोटभर खाऊन गेली, तर पुन्हा येईल."

आता एवढं म्हटल्यावर कसली घरी बसते मी? रविवारी सकाळीच गेले.

फोडी मात्र त्यानं सुरेख केल्या. एकही लहानमोठी नाही. फोडणीत पहिल्यांदा हळद जाळली, ती कढई मी घासायला लावली. दुसऱ्यांदा मोहरी नीट तडतडली, जिरं, हळद, मिरची पडली, फोडी परतून झाल्या. मी म्हटलं, "आता आच बारीक कर. वर ताट झाक आणि ताटात पाणी ओत." हे मात्र त्यानं न विचारता केलं. इतकं पाहिलेलं होतं म्हणे.

थोड्या वेळानं ताटातलं पाणी वाफाळायला लागलं. "हं, आता ते ताट उचल आणि त्यातलं पाणी भाजीत घाल."

तो फडक्यानं ताट धरून तसाच उभा. "भाजीत?"

"मग काय माझ्या डोक्यावर? गार पाणी घातलं तर फोडी कचवट राहतात. नाही घातलं तर तळाला लागतात. म्हणून तर वर तापत ठेवायचं."

"अक्का, हे हात धुवायचं पाणी असतं गं."

"कुणी सांगितलं तुला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. रोज संध्याकाळी हा कामावरून यायचा. हात रॉकेलनं पुसायचे आणि मग साबण लावायला ऊन पाणी हवं. कढईवरच्या ताटात ते आयतंच असायचं. ताट उचलायचा, मोरीत जाऊन हात धुवायचा, आणि रिकामं ताट पुन्हा नीट झाकून ठेवायचा. बायको आपल्यासाठीच पाणी तापवते, अशी त्याची समजूत. मग जेवायला बसला की पहिल्या घासालाच सुरू, "आज पण लावलीस? लक्ष कुठे असतं तुझं? साधी भाजी येत नाही?" ती म्हणायची, "हो, लागली खरी." आणि तळाची खरवड आपल्या पानात ओढायची.

हे सगळं तो मला ताट हातात धरूनच सांगत होता. मीच त्याच्या हातून घेतलं आणि पाणी कढईत ओतलं. भाजी सुंदर झाली. मऊ, मोकळी, तळाला एक फोड चिकटली नाही.

दुपारी लेक आली. पानावर बसली. तो पुढ्यात बसून तिचा प्रत्येक घास बघतोय, परीक्षेला बसल्यासारखा. तिनं भाजी पुन्हा मागून घेतली तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

"जमलीय ना गं?"

"छान झालीय, बाबा." तिनं आणखी एक घास घेतला. "आईसारखी नाही, पण छान."

"काय कमी पडलं?"

"कमी काही नाही. आईच्या भाजीला जरा लागल्याचा वास यायचा ना, तो नाहीये."

तो म्हणाला, "तो वास तिच्यामुळे नव्हता, बाळ. ताटातलं पाणी मी न्यायचो."

"माहीत आहे मला."

"तुला माहीत होतं?"

"मी आईला कितीदा म्हटलं, बाबांना सांग ना एकदा. उगाच का बोलणी खातेस? तर म्हणायची, दिवसभर गार पाण्यात ब्रश धुवून हात बधिर होतात त्यांचे. घरी आल्यावर तेवढंच ऊन पाणी मिळतं. भाजीचं काय एवढं, खरवड मी खाईन."

भावानं घास उचलला होता, तो पानात परत ठेवला. मी आयुष्यभर त्याला चार शब्द सुनावत आले, आजही सुनावायचे होते. ते तसेच ठेवून उठले आणि त्याला हात धुवायला पाणी तापत ठेवलं.