वाफेवर काढलेलं लायसन्स

मी एकदा चहाच्या वाफेवर कॉम्प्युटरचं लायसन्स काढलं होतं.

तेव्हा मी तरुण होते. म्हणजे जेमतेम साठीची! सुरतेत, पर्वत पाटियाच्या आमच्या घरात, तळमजल्यावर सुनेने, वैशालीने, एम्ब्रॉयडरीचं मशीन टाकलं होतं. त्याला डिझाइन पुरवायला मशीनच्या कंपनीचाच एक राखाडी कॉम्प्युटर. वैशालीची ती पहिली मोठी ऑर्डर होती. नवरीच्या चणियाचा, म्हणजे घागऱ्याचा, अख्खा घेर मोरांनी भरायचा, आणि शिंपी संध्याकाळी कापड न्यायला येणार. नेमका त्याच सकाळी राखाडी डबा तापून बंद पडायला लागला.

“मग नातवाचा नवा कॉम्प्युटर आहे की!” मी म्हटलं.

“नाही चालत, आई. कंपनीची सिस्टिम कंपनीने मान्य केलेल्या डब्यावरच चालते. लायसन्स त्या डब्यालाच बांधलेलं असतं,” असं म्हणून वैशाली जरीचे रीळ आणायला गेली.

मी डबा फिरवून पाहिला. मागे चकचकीत स्टिकर! हात्तिच्या, बांधलंय कुठे? चिकटवलंय! आणि चिकटवलेलं काढण्यात माझा हात धरणारं अख्ख्या सुरतेत कोणी नव्हतं. (असं मीच म्हणायचे.) साडीच्या गोडाऊनमध्ये माझं आयुष्य लेबलं काढण्या-लावण्यात गेलं. ज्या शेठचं लेबल, त्या शेठची साडी. साडीने कधी तक्रार केली नाही, मग कॉम्प्युटर कोण लागून गेला?

पातेल्याची वाफ दाखवली, नखाने कोपरा उचलला, आणि स्टिकर केळीच्या सालीसारखा अलगद हातात! तो नातवाच्या कॉम्प्युटरला लावला, कंपनीचा पेनड्राइव्ह खोचला. पडद्यावर लाल चौकट! (इंग्रजी मला लाल रंगापुरतं कळतं.)

“बाहेर लावलंस तर आतल्याला दिसणार कसं, भवाने?” मी स्वतःलाच झापलं. झाकण उघडून आत लावला. पुन्हा लाल! मग ठरवलं, नव्याचं पोट काढून जुन्या डब्यात बसवू. दोन्ही डबे उघडे, जमिनीवर वायरींच्या शेवया, आणि दारात आमचे हे!

“व माय! तू काय करी ऱ्हायनी?”

“बाळंतपण करतेय कॉम्प्युटरचं! स्क्रू धरा!”

तेवढ्यात वैशाली आली. रीळ तिच्या हातातून पडले.

“आई! दुरुस्तीला बोलावलेला कंपनीचा माणूस येतोय! स्टिकरला हात लागलेला दिसला, तर तो मशीनला हातही लावणार नाही!”

मग काय! वायरी जमतील तशा कोंबल्या आणि स्टिकर जिथला तिथे बसवला. आलेल्या जिग्नेशभाईंनी तो बॅटरी मारून तपासला. “बराबर छे,” म्हणाले! पंखा बदलला, सुटलेल्या वायरी जोडल्या (“उंदीर फार झालेत,” आमचे हे म्हणाले), आणि मशीन खडखडत सुरू झालं. चणियावर मोर उतरायला लागले. वैशालीचे डोळे भरून आले.

सगळं निभावलं होतं. पण चहा पिता पिता जिग्नेशभाईंनी डब्यावर थाप मारली.

“मासी, आ स्टिकर आखुं निकळे ज नहीं! काढायला गेलं की चिंध्या. अजून कोणाला जमलं नाही.”

वैशालीने मला चिमटा काढला. नुसतं ‘हो का’ म्हणायचं होतं हो!

“नाही निघत?” मी पदर खोचला.

“चूप बस ना वं!” हे ओरडले, पण मी पातेलं उचललं होतं.

अख्खा स्टिकर तळहातावर पाहून जिग्नेशभाईंची बशी कलंडली. ते भानावर येईपर्यंत शेवटचा मोर भरून झाला होता, म्हणून कापड शिंप्याकडे वेळेत गेलं. वॉरंटी मात्र तिथेच संपली.

आता त्या कंपनीचे स्टिकर आधीच जाळीदार कापून येतात. नख लागलं की भुगा! एवढ्या मोठ्या कंपनीने माझ्या नखांची धास्ती घेतली, याचा मला आजही अभिमान आहे. कर्तृत्वाची किंमत मोजावी लागतेच. माझ्या कर्तृत्वाची तेवढी सुनेने मोजली!