कोरी पोस्टरं

भरे नावाच्या गावात माझ्या घरामागच्या शेडमध्ये राहणारे काका पूर्वी जत्रांतून तंबूत सिनेमे दाखवत. शेड सोमवारी पाडायची आहे. त्याआधी जुनी पोस्टरं पुण्यातल्या एका संग्राहकाला द्यायचं ठरलं. त्याला फक्त न वापरलेली हवी होती.

निवडायला मी गेलो. काका प्रत्येक गुंडाळी आधी जमिनीवर आपटतात, मग कानाला लावतात. आत काही वळवळत नाही अशी खात्री झाली की मगच उलगडतात. मी द्यायचा गठ्ठा दाराशी ठेवला आणि चहा घेऊन परत आलो. दाराशी आता भिंतीवरून सोललेली, चुना चिकटलेली फाटकी पोस्टरं होती.

"काका, त्यांना कोरी हवीत."

"कोरी म्हंजी खेळ झालाच न्हाई. ती दिली तर लोक म्हनतील, ह्येचा तंबू चाललाच न्हाई."

"फाटकी ते नेणार नाहीत."

"मग त्येस्नी सिनेमातलं काय कळतंय?"

मग उठून काकांनी स्टोव्हवर मैद्याची खळ शिजवली, सगळ्यांत चांगलं कोरं पोस्टर घेतलं आणि सोमवारी पडणाऱ्या भिंतीवर तळहातानं दाबत चिकटवलं. मागे सरून पाहिलं. खळ वाळायच्या आतच कोपऱ्याला धरून ते सोललं. मधोमध फाटलं.

"आता लागलेलं हाय. द्या त्येस्नी."

ओले दोन तुकडे हातात घेऊन मी उभा राहिलो. कोणत्या गठ्ठ्यात ठेवायचे ते मला कळेना. काकांनी पुढची गुंडाळी जमिनीवर आपटली.