शहाणी मुलगी

मला त्या मुलीच्या मावशीचा हेवा वाटला, हे आधीच सांगून टाकते. आई गेलेली सात वर्षांची मुलगी बालकल्याण समितीने माझ्याकडे भिवंडीत तात्पुरती सांभाळायला दिली होती. आठ महिने राहिली. ना रडणं, ना हट्ट. पुढ्यात येईल ते जेवायची आणि ताट स्वतः उचलून ठेवायची. 'किती छान वळण लावलंत हो पोरीला,' असं शेजारणी म्हणायच्या आणि मी फुगायचे. तिला त्रास नको म्हणून तिच्या आईचा विषय मी घरात कधी निघू दिला नाही.

मग काल्हेरची सख्खी मावशी सापडली आणि मुलगी महिनाभरासाठी तिच्याकडे गेली. कायमची कुठे ठेवायची ते त्यानंतर ठरणार होतं, आणि समितीच्या बाई माझंही मत विचारणार होत्या. मावशी गोदामात पॅकिंगला. घर एका खोलीचं, दारावरून दिवसभर ट्रक. मी खुसपटं काढायलाच गेले, खोटं कशाला बोलू.

दाराबाहेरच मुलीचं भोकाड ऐकू आलं. मला चक्क आनंद झाला. आत डोकावले तर ताट लांब ढकललेलं, आणि ती पाय आपटत होती. "जाड हाय भाकरी. आईची अशी नसाची."

मावशी परातीत भाकरी थापता थापताच म्हणाली, "तुजी आईस पन अशीच होती. भाकरी जाड झाली का ताट ढकलाची."

रडणं अर्ध्यावर थांबलं. "मंग आजी काय कराची?"

"धपाटा घालाची. न मंग पातळ करून द्याची."

मुलगी नाक पुसत हसली. माझा नुसता जळफळाट झाला. तिची आई लहानपणी कशी रुसायची, हे मी कुठून सांगणार होते? मी त्या बाईला पाहिलंही नव्हतं.

तेवढ्यात मुलीचं माझ्याकडे लक्ष गेलं. तिने घाईघाईने डोळे पुसले, ताट जवळ ओढलं, फ्रॉक सारखा केला. "काकू, या ना. पाणी आणू?" माझ्या घरी आठ महिने ती याच आवाजात बोलत होती. आल्यागेल्याशी बोलायचा आवाज होता तो.

पाणी पिऊन मी निघाले. रस्त्यावर रिक्षाची वाट बघताना समितीच्या बाईंना फोन लावला. कसं वाटलं, त्यांनी विचारलं.

"रडते हो ती तिथे," मी म्हणाले. "तिला तिथेच राहू द्या."