मर्डोचे दोनशे एक्क्याऐंशी डोंगर

डिंगवॉलचा निवृत्त पोस्टमन मर्डो मकराय याला पावसाबद्दल कुणी वावगं बोललेलं खपत नसे. तीन दिवसांच्या चालीत पहिल्याच दुपारी सगळ्यांच्या बुटांत तळी साचली, तरी हा म्हणतोच आहे, "याला पाऊस म्हणत नाहीत. हवा जरा ओलसर आहे, इतकंच."

"पाऊस लागला की हाक मार हं," इशबेल म्हणाली. "म्हणजे मी टोपी घालीन."

इशबेल शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी-पातेली सांभाळून निवृत्त झालेली. गेली तीस वर्षं ती आणि मर्डो एकाच डोंगर-मंडळात होते आणि तेवढीच वर्षं एकमेकांशी भांडत होते. तिसरी मोराग. वय छत्तीस, गुरांच्या डॉक्टरकडे कामाला. ही सगळी पायपीट तिच्यासाठी होती.

स्कॉटलंडात तीन हजार फुटांवरचे डोंगर दोनशे ब्याऐंशी. माणसं नोकऱ्या, लग्नं, गुडघे सांभाळून ते एकेक करून संपवतात. नियम एकच. माथ्यावरच्या दगडांच्या राशीला हात लागला पाहिजे. मोरागचे अकरा वर्षांत दोनशे एक्क्याऐंशी झाले होते. उरला होता बेन ऑरान. रस्त्यापासून सव्वा दिवसाच्या चालीवर, दलदलीपलीकडे, बारमाही ढगात बसलेला. मर्डोनंही आपली यादी याच डोंगरावर पुरी केली होती, चौदा वर्षांपूर्वी, एकट्यानं. मंडळाच्या वार्षिक जेवणाला ती हकीकत तो सांगे आणि दरवर्षी वारा थोडा वाढे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते ढगात शिरले. हाताची बोटं दिसत होती, त्यापुढचं काही नाही. मोरागनं नकाशा काढला.

"ठेव तो आत, लगदा होईल त्याचा," मर्डो म्हणाला. "मी आलोय इथं. राशीशेजारी वाकलेला लोखंडी खांब आहे. ती म्हातारी रास मला अजून ओळखेल."

आणि खरंच, चढ संपला, पुढं जमीन उतरू लागली आणि धुक्यातून वाकलेला खांब पुढं आला. शेजारी दगडांची रास. मर्डोची छाती दोन इंच फुगली. मोरागनं दगडावर हात ठेवला आणि ती रडू लागली. इशबेलनं व्हिस्की काढली. दोघी पाठमोऱ्या होऊन, वाऱ्याला आडोसा करून पेले भरत होत्या, तेवढ्यात ढग फाटला.

फार नाही, पंधरा-वीस सेकंद. पण मर्डोला पुरेसं दिसलं. समोर खोलगट खिंड, तिच्यापलीकडे अर्ध्या मैलावर आणखी एक माथा. या माथ्यापेक्षा चांगला दोन माणसांएवढा उंच. त्यावर माणसाच्या छातीएवढी रास.

ढग मिटला.

"मर्डो, घ्या ना!" मोरागनं पेला पुढं केला आणि ओल्या बाह्यांनी त्याला मिठी मारली. "तुमच्यामुळं झालं हो."

त्यानं पेला घेतला आणि प्यायला. बोलायची वेळ होती ती हीच, आणि ती घशाखाली गेली.

अशा वेळी माणसाला नेमकं नको ते आठवतं. उतरताना त्याला मंडळातला एक शाळामास्तर आठवला. तो बिचारा एका कड्याला घाबरून राशीच्या वीस पावलं अलीकडून परतला होता. मर्डोनं भर जेवणात उभं राहून त्याच्या नावावर काट मारायला लावली होती. 'नियम म्हणजे नियम,' असं तेव्हा त्यानं टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं. त्या पावसातही मर्डोचे कान तापले.

संध्याकाळी ते डोंगराखालच्या बिनकुलपाच्या झोपडीत पोचले. इशबेलनं चुलीवर सूप ठेवलं. मोरागनं येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी झोपडीत ठेवलेली वही उघडून ठळक अक्षरांत लिहिलं: 'आज बेन ऑरान. दोनशे ब्याऐंशी पूर्ण.' आणि पेन मर्डोपुढं धरलं. "साक्षीदार म्हणून सही करा."

मर्डोनं पेन घेतलं. वहीकडे पाहिलं. पेन खाली ठेवलं.

"ती रास चुकीची होती," तो म्हणाला. "खरा माथा पलीकडे आहे. ढग फाटला तेव्हा मी पाहिला."

सूप खदखदत होतं.

"म्हणजे तुझाही नाही झाला?" इशबेलनं विचारलं. "चौदा वर्षं?"

"नाही."

"आणि तो वारा? ज्यानं तुझी टोपी पार समुद्रापर्यंत नेली?"

"वारा होता," मर्डो पुटपुटला. "डोंगर दुसरा होता."

इशबेल हसत सुटली. पळी टाकून, पोट धरून. मोराग हसली नाही.

"तिथंच का नाही सांगितलंत? अर्धा मैल होता. मी धावत गेले असते."

मर्डोपाशी उत्तर होतं, पण ते सांगण्याजोगं नव्हतं. मोरागनं आपण लिहिलेली ओळ खोडली आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

सकाळी उजाडताच तिनं ओले मोजे पिळून पुन्हा पायांत चढवले. याहून भयंकर काम डोंगरात नाही. मर्डो ते पाहत राहिला. हे तिला आपल्यामुळं करावं लागतंय, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. चार तास चढ, ढग तसाच. या वेळी नकाशा मोरागच्या हातात होता आणि मर्डो सर्वांत मागं. वाकलेला खांब आला, मागं पडला. खिंड उतरले, पुन्हा चढले. मोठी रास आली. मोरागनं तिच्यावर दोन्ही हात ठेवले. आज ती रडली नाही.

मर्डो बाजूला साचलेल्या पाण्यात उभा होता.

"या, लावा हात," ती म्हणाली.

"नको. माझी लायकी नाही."

"लायकीचं नंतर बघा. मला थंडी वाजतेय."

त्यानं हात लावला. टाळ्या वाजल्या नाहीत.

"मंडळात मी सांगेन," तो म्हणाला. "जेवणाच्या दिवशी, सगळ्यांसमोर."

ती म्हणेल, जाऊ द्या हो, कशाला. असं त्याला कुठंतरी वाटत होतं. ती तसं म्हणाली नाही.

"हो. तुम्हीच सांगायला हवं," ती म्हणाली आणि उतरायला लागली. थोडं गेल्यावर ती थांबली आणि तो जवळ येईपर्यंत, मागं न पाहता, तशीच पावसात उभी राहिली.