हजार किलोमीटरवाले काका

"पहिलं धरायचं नाही, मॅडम."

नमस्कार नाही, राम राम नाही. वर्कशॉपच्या दारातून आत आले की ते हेच म्हणायचे. बॉनेट उघडायचे, डिपस्टिक बाहेर काढायचे, खिशातल्या पांढऱ्या फडक्यानं पुसायचे, पुन्हा आत बुडवायचे आणि मग चष्मा कपाळावर सरकवून ती पट्टी डोळ्यांजवळ धरायचे. इंजिनात ऑइल किती आहे ते दुसऱ्यांदा बुडवल्यावरच खरं कळतं. पहिल्या वेळी इकडंतिकडं लागलेलं ऑइल फसवतं. हा नियम त्यांनी इंजिनापुरता ठेवला नव्हता. हॉटेलातला चहा असो, सोसायटीचा नवा चेअरमन असो, सगळ्यांना तोच लागू.

मी तेव्हा पिंपरीजवळच्या एका कार वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर होते. नोकरीला आठ महिने झाले होते. आमच्या काउंटरवर येणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. समोर बाई दिसली की तिच्या खांद्यावरून मागं बघतात आणि विचारतात, "साहेब कुठायत?" काकांनी पहिल्या दिवशी माझ्याकडं बघून विचारलं, "मॅडम, माझी गाडी ऑइल पिते. तुमच्याशीच बोलायचं ना?" त्या "तुमच्याशीच"मुळं मी त्यांच्या बाजूची झाले. कामाच्या नियमात ते बसत नाही, पण झाले.

काकांनी एका कंपनीत तीस वर्षं इंजिनच्या लाइनवर काढली होती. पिस्टनवर रिंगा चढवायचं काम. मूळचे उदगीरकडचे, इतकी वर्षं इथं राहूनही बोलण्यातलं "उगं" काही सुटलं नव्हतं. रिटायर झाल्यावर त्यांनी पहिली गाडी घेतली ती एकाच कारणासाठी. काकूंचं माहेरही उदगीरचंच, आणि लग्नापासून त्या तिकडं एसटीनं जात होत्या, मांडीवर पिशव्या घेऊन. त्यांना एकदा आपल्या गाडीतून माहेरच्या दारात उतरवायचं, असा काकांचा शब्द होता. आणि गाडी निघाली हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल पिणारी. वॉरंटी संपायला महिना उरला होता.

आमचा मेकॅनिक म्हणाला, "काका, टाकत टाकत जा की."

"उगं टाकत टाकत जायला ते काय अंगावर पितं लेकरू आहे?" काका म्हणाले. "रिंगा नीट बसल्या नाहीत, तिथनंच ऑइल वर जाऊन जळतंय. इंजिन उघडा."

मी मला शिकवलेलं वाक्य म्हटलं, "सर, थोडं ऑइल प्रत्येक इंजिन घेतं. हे प्रमाणात आहे."

"किती प्रमाणात?"

मला माहीत नव्हतं. "बगा निवांत, मी थांबतो," म्हणून ते बाकावर बसले. मी फाइल काढून तो कागद आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचला. त्यांची गाडी कंपनीनं दिलेल्या मर्यादेच्या बरीच बाहेर होती. मी तसं सांगितलं, तर ते खूश झाले. ऑइलवर नव्हे, मी वाचलं यावर.

इंजिन उघडायची परवानगी मिळायची तर आधी चाचणी करावी लागते. वर्कशॉपनं ऑइल मोजून भरायचं, ऑइलच्या झाकणावर कागदी पट्टी चिकटवून सही करायची. गिऱ्हाइकानं हजार किलोमीटर चालवून आणायची आणि मग उरलेलं ऑइल मोजायचं. मधे झाकण उघडायचं नाही. पट्टी फाटली की चाचणी बाद.

आता हजार किलोमीटर जायचं कुठं? दळण आणि भाजी यात काकांचे महिन्याला शंभरही होत नव्हते. उदगीरला जाऊन या, असं मीच सुचवलं. ते जवळजवळ रागावले. काकूंना पहिल्यांदा न्यायचं ते धड इंजिनावर, चाचणीवर नाही. मग त्यांनी लाइनवरच्या जुन्या सोबत्यांची यादी काढली. चाकण, तळेगाव, आळंदी, पुनावळे, नारायणगाव, एक तर पार साताऱ्याला. रोज संध्याकाळी मला फोन यायचा. "मॅडम, चारशे बारा. तळेगाववाल्याला नात झाली, आपल्याला पत्ताच नाही!" पुढं पुढं मी सहा वाजले की फोनकडं बघायला लागले.

सोबत्यांना त्यांनी खरं कारण सांगितलं नव्हतं. "किलोमीटर भरायला आलो, असं कसं म्हणायचं ओ? उगं भेटायला आलो म्हणालो. आणि मॅडम, तिसऱ्या घरापासून ते खरंच झालं."

हजार भरल्यावर आले तेव्हा वॉरंटीचे चार दिवस उरले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. मी बॉनेट उघडलं. माझी सही असलेली पट्टी गायब होती. झाकण पुसून लख्ख, आणि त्यावर पांढऱ्या मार्करनं केलेली बरोबरची खूण, खाली आडवी रेघ.

काका आधी मोठ्यानं हसले. "पुनावळ्याचा!" म्हणाले. मग हसू हळूहळू मावळलं.

लाइनवर रीतच असते. बोल्ट आवळला की आवळणाऱ्यानं त्यावर आपली खूण करायची. ही खूण त्यांच्या पुनावळ्याच्या दोस्ताची होती, दोन टॉवरच्या मधे उरलेल्या बैठ्या घरात राहणाऱ्या. काका आत पोहे खात असताना तो "आलोच" म्हणून बाहेर गेला होता. आपल्याकडं पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. त्यानं दोस्ताची गाडी तपासली, ऑइल खाली गेलेलं दिसलं, घरच्या डब्यातलं टाकलं, कचरा समजून पट्टी काढली आणि हात सवयीनं खूण करून मोकळा झाला.

"काका, त्यांच्याकडून लिहून आणा," मी म्हटलं. "कधी टाकलं, किती टाकलं, सही. कंपनीवाले त्यांना एक फोन करतील, खात्री करतील. मुदत वाढवून मिळेल, मी भांडते."

"नको."

"का नको?"

"मॅडम, एकदा त्याच्या हातून बोल्ट ढिला राहिला होता. इंजिन परत आलं, त्याला पत्र मिळालं. गडी पंधरा दिवस नीट जेवला नाही. तेव्हापासून खुणेखाली रेघ मारतो, म्हणजे दोनदा तपासलं. आता या वयात त्याला सांगू, तुझ्या हातानं माझं इंजिन गेलं?"

मला संताप आला. कुणाचा ते नीट सांगता येणार नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये कोऱ्या पट्ट्यांचा गठ्ठा होता आणि पेन खिशात होतं. माझी नजर ड्रॉवरकडं गेली हे त्यांनी पाहिलं. "ते बी नको, बाळ," ते म्हणाले. तेवढ्यापुरतं मॅडमचं बाळ झालं. मी पट्टी नसलेल्या झाकणाचा फोटो काढला, अहवालात जे दिसलं ते लिहिलं, सही केली. कंपनीचं उत्तर दोन ओळींत आलं, नामंजूर.

त्यानंतरही ते यायचे. ऑइल टाकून घ्यायचे आणि जाताना मला काहीतरी शिकवून जायचे. निळसर धूर कशाचा, काळा कशाचा, गिऱ्हाईक खोटं बोलतंय की नुसतं घाबरलंय. रिंगा पदरचे पैसे घालून बदलू म्हणायचे, दिवाळीनंतर. उदगीरही दिवाळीनंतर. दोन दिवाळ्या तशाच गेल्या. तिसरीच्या आधी एके दिवशी त्यांच्या मुलीचा फोन आला, काका गेले. मी पिंपळे सौदागरला त्यांच्या घरी पोचले तेव्हा गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुसून उभी होती.

मी आता वॉरंटीचं सगळं काम बघते. काउंटरवर "साहेब कुठायत?" विचारलं की आमची पोरं माझ्याकडं बोट दाखवतात. हे त्यांना सांगायचं राहून गेलं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला अजून उगाचच फोन हातात घेते. कुणी नुसता एक आकडा सांगावा आणि पाठोपाठ तळेगावची बातमी द्यावी, एवढंच.

गेल्या महिन्यात ती गाडी पुन्हा आमच्या दारात आली. चालवत होते पुनावळ्याचे दोस्त. काकूंनी गाडी त्यांनाच देऊन टाकली होती. पहिल्यांदाच पाहिलं मी त्यांना. बुटके, पांढरी टोपी, हाताची नखं स्वच्छ.

"वहिनींना उदगीरला घिऊन चाललोय," ते म्हणाले. "नीट बघून द्या. ऑइल पिती जरा, पन मी हाय ना संगं."

मी बॉनेट उघडलं. ते शेजारी येऊन उभे राहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुमाला म्हनून सांगतो, मॅडम. त्यो एकदा भेटाया आलता. ऑइल पार खाली गेलेलं. मी गपचीप टाकलं. त्याला शेवटपत्तुर कळलं न्हाई बगा. कमी ऑइलावर तसाच फिरत ऱ्हायला असता, तर कवाच बसलं असतं इंजिन. बरूबर केलं ना?"

"बरोबर केलंत, काका," मी म्हटलं. "तुमच्यामुळंच टिकली गाडी."

त्यांचा चेहरा फुलला. आयुष्यात इतकं सरळ खोटं मी पहिल्यांदाच बोलले, आणि ते ऐकायला हजार किलोमीटरवाले काका तिथं हवे होते.