माणगावच्या होडीचा शेवटचा खिळा

काम वेळेत उरकलं तर त्याचा एकही किस्सा मागे उरत नाही. रेंगाळलं की मात्र किस्से साचत जातात, वर्कशॉपच्या कोपऱ्यात भुसा साचतो तसे. आमच्या नानाची होडी इतकी रेंगाळली की आता कुणाच्याही घरी चहाला गेलो तरी "पेंटर, तो होडीचा किस्सा सांगा ना" अशी फर्माईश होते. त्यातला कुठला, हे मलाच विचारावं लागतं.

मी पेंटर, म्हणजे ट्रकवर नावं, नंबर आणि मोर काढणारा. नाना ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधतो. माणगावात हायवेला लागून त्याचं वर्कशॉप आहे आणि भिंतीला भिंत लावून गफूरभाईंचं वेल्डिंगचं दुकान. आमचा तिघांचा चहा एकत्र असतो. समुद्राचा आणि आमचा संबंध बाजारात येणाऱ्या बोंबलांपुरता.

होडी आली ती नानाच्या सासुरवाडीहून. सुमनवहिनी चौलच्या. त्यांच्या वडिलांनी, आप्पांनी, म्हातारपणी हौसेनं शिडाची होडी बांधायला घेतली. खालचं अंग पूर्ण झालं आणि आप्पांच्या गुडघ्यांनी संप पुकारला. जावई सुतार, तेव्हा होडी ट्रकवर चढली आणि माणगावला आली. बैठका, डोलकाठी, शीड, रंग, सगळं नानानं करायचं. बरोबर आप्पांची अटही आली.

"आमच्यात रीत हाय, जावयबापू. शेवटचा खिळा जो मारंल तो पयला बसंल. सुमनला शेजारी घ्यायची आनि बसायचं."

अडचण एवढीच, की नाना पाण्याला भितो. साधंसुधं नाही. विहिरीत डोकावत नाही. आम्ही सगळे काशीदला गेलो होतो तेव्हा हा दिवसभर वाळूवर आमच्या चपला राखत बसला, तोही पाण्याकडे पाठ करून. वहिनींना हे ठाऊक होतं, आम्हाला ठाऊक होतं. आप्पांना मात्र नव्हतं. सगळा जन्म दर्यावर काढलेल्या सासऱ्याला हे सांगणार कोण?

वहिनी एकदा मला म्हणाल्या, "भावजी, मी यांच्याकडे कधी काही मागितलं नाही. आप्पांच्या होडीत यांच्या शेजारी एकदा बसायचंय, आप्पा बघत असताना. बास."

नानाला हे कळत होतं. बायकोवर जीव आहे त्याचा, त्यामुळे नाही म्हणवेना. आणि पाणी आठवलं की हो म्हणवेना. मग त्यानं मधला मार्ग काढला. होडी पूर्णच करायची नाही.

*

हायवेच्या कडेला होडी दिसली की मुंबईच्या माणसाला भूक लागते, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात कळलं. तिकडं बहुतेक मासळीच्या हॉटेलांबाहेर एक होडी ठेवलेली असते ना, त्याचा परिणाम.

एका रविवारी मोठी गाडी थांबली. आजी-आजोबांसकट सगळं कुटुंब उतरलं, पोरं थेट होडीत चढली. गृहस्थ नानाजवळ आले. नाना रंधा मारत होता.

"तयार आहे का हो?"

"नाही अजून," नाना म्हणाला.

"किती वेळ लागेल?"

नानानं होडीकडे पाहिलं, विचार केला. "गणपती तरी जाणार."

गृहस्थ जूनमध्ये विचारत होते. त्यांनी आजींकडे पाहिलं आणि म्हणाले, "आई, पुढे बघू." वहिनींना हे समजलं तेव्हा त्या नानावर चिडल्या. घरात सुरमई होती, पोरांना चार घास तरी घातले असते, असं त्यांचं म्हणणं.

*

रंगाचं काम माझ्याकडे. निळा लावला. नाना मागे बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "पेंटर, निळा जरा जास्तच निळा झालाय."

मी हलका केला. मग तो फिका वाटायला लागला. मग हिरवा लावून बघू असं ठरलं. त्या होडीवर एवढे हात बसले की गफूरभाई म्हणाले, "यार, आतलं लाकूड काढून घेतलं तरी नुसता रंग उभा राहील."

शेवटी परत पहिला निळा लावला. हाताला सवय ट्रकची. मागच्या फळीवर मी फुलांच्या वेलीमध्ये छान अक्षरात 'सुरक्षित अंतर ठेवा' लिहून मोकळा झालो, खाली लाल रिफ्लेक्टरची पट्टीसुद्धा मारली. वहिनींनी व्हिडिओ कॉलवर आप्पांना दाखवलं. मला वाटलं, म्हातारा उखडणार.

आप्पांनी चष्मा लावून वाचलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "त्या पर्यटकांच्या स्पीडबोटी लय अंगावर येतात."

*

नांगर गफूरभाईंनी केला. ट्रकचा जुना अ‍ॅक्सल कापून, वाकवून, असा काही भक्कम जोडला की तो दुकानातून वर्कशॉपात आणायला चौघांना हात लावावा लागला. गफूरभाई खूष. "माशाल्ला, तुफान आलं तरी होडी जागची हलणार नाही."

पुन्हा आप्पा मोबाइलवर. त्यांनी नांगर पाहिला, होडी पाहिली, परत नांगर पाहिला. "गफूरभाई, काम एक लंबर. पन ह्यो पान्यात टाकला ना, की मागनं होडी पन जाईल."

आम्ही हसलो. नाना हसला नाही. त्यानं तो नांगर त्याच दिवशी परत पाठवला. पुढचा हलका करायला गफूरभाईंनी पावसाळा घेतला, कारण नानानं त्यांना "घाई नाही" असं रोज बजावून सांगितलं होतं.

*

उन्हाळ्यात माणगाव तापतं. फळ्या सुकल्या आणि सांध्यांतून आरपार उजेड दिसायला लागला. नाना घाबरला, म्हणजे घाबरल्यासारखं दाखवत आनंदला. आता वर्ष जाणार, असं त्याला वाटलं. पण वहिनी दर्याकाठच्या.

"काही होत नाही. लाकूड तहानलंय. पाणी प्यालं की फुगतं आणि फटी आपोआप मिटतात."

त्यांनी तळाला ओली पोती अंथरली, नळी लावली आणि होडीत हातभर पाणी सोडलं. भोवती कोरडा हायवे आणि होडीच्या आत पाणी. येणारेजाणारे थांबून बघायचे. एकानं मला हळूच विचारलं, "नानांना कुणी उलटं सांगितलंय का?"

नळाला पाणी एक दिवसाआड. तिसऱ्या सकाळी बघतो तर शेजारच्या बायकांनी होडीभोवती धुण्याची बैठक जमवलेली. होडीच्या काठावर चादरी वाळत होत्या. वहिनी ओरडणार, तेवढ्यात नाना पुढं झाला.

"असू दे, असू दे. घ्या पाणी. संपलं तर परत भरू."

नानाला एवढं समाजकार्य करताना गावानं पहिल्यांदाच पाहिलं.

*

डोलकाठी उभी राहिली आणि दहीहंडीवाली पोरं आली. दोरीचं एक टोक समोरच्या वाण्याच्या गच्चीला, दुसरं डोलकाठीला, मध्ये हंडी. नानानं तत्काळ परवानगी दिली. होडी तेवढे दिवस हलवायची नाही ना!

अष्टमीनंतर शीड आलं. ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याकडूनच शिवून घेतलेलं, कडेला ताडपत्रीसारखी भोकं पाडून. बसतंय का बघायला नाना होडीत चढला आणि आम्ही खालून दोरी ओढली. शीड वर गेलं मात्र, डोंगराकडून वाऱ्याचा एक झोत आला. शीड फुगलं, होडी ठोकळ्यांवर जरा कुरकुरली.

नानानं डोलकाठीला मिठी मारली. "उतरवा! मला खाली घ्या!"

खाली म्हणजे कोरडी जमीन, फार तर माणसाच्या उंचीएवढी खाली. गफूरभाईंनी त्याचा हात धरून शिडीवरून उतरवला, पाणी पाजलं. पेला हातात घेऊन नाना म्हणाला, "आज थोडक्यात वाचलो."

त्या वेळी मला हसू आलं, पण वहिनी दारात उभ्या होत्या. त्या पुढं झाल्या. शिडाची घडी घालून आत घेऊन गेल्या. मला वाईट वाटलं. त्या दिवशी आमच्या चहाला चव नव्हती.

*

दिवाळीनंतर होडीला करण्यासारखं काही म्हणजे काही उरलं नाही. राहिला होता एक तांब्याचा खिळा, मागच्या बैठकीच्या फळीत, अर्धा वर. नाना त्याच्याकडे बघायचा आणि ट्रकच्या कामाला जायचा. नाक्यावर लोक पैजा लावायचे, हायवेचं रुंदीकरण आधी संपतं की हा खिळा आत जातो.

एक दिवस आप्पा स्वतः आले. गुडघे धरत, काठी टेकत, एसटीनं. होडीभोवती फिरले, फळ्यांवरनं हात फिरवला, डोळे भरून आले त्यांचे. मग खिळ्याशी थांबले.

"ह्यो वर का?"

"राहिलाय जरा," नाना म्हणाला.

"द्या हातोडी. मी मारतो. मंग बसनार पन मीच."

नानाचा चेहरा उजळला. सुटला होता तो. त्यानं हातोडी दिली. आप्पांचा हात थरथरत वर गेला आणि घाव कडेला बसला. खिळा वाकला. दुसरा घाव घातला, आणखी वाकला. शिसवासारखी घासून चकचकीत केलेली ती फळी, आणि तिच्यात खिळा तिरका चाललेला.

"अहो आप्पा, सरका, सरका! वाकडा चाललाय." नानानं हातोडी हिसकावली, खिळा सरळ केला आणि दोन घावांत आत बसवला. वरून अंगठा फिरवून पाहिला. लेव्हल.

मग तो थांबला. आम्ही सगळेच थांबलो. नानानं हातोडीकडे असं पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कुणाची आहे.

वहिनींनी आप्पांना चहा आणून दिला. काठोकाठ भरलेला कप. आप्पांनी तो एका हातात धरला आणि बशीत एक थेंबही न सांडता सावकाश प्याले.

*

होडी चौलजवळच्या खाडीवर न्यायची ठरली. नाना ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसला तो माणगावातच केशरी लाइफ जॅकेट घालून. रोह्याला चहाला उतरला तेव्हाही ते अंगात होतं. टपरीवाल्यानं विचारलं, "पुढं पूर आलाय का?"

भरती आली. नारळ वाढवला. आप्पा काठावर खुर्ची टाकून बसले. रीतीप्रमाणे पहिला पाय नानाचा. त्यानं तो कसा ठेवला हे मी बघितलं नाही, कारण बघवेना. मग वहिनी शेजारी बसल्या, हातात सुकाणू. मागून गफूरभाई आणि मी.

चौलच्या पोरांनी होडी ढकलली, ती तरंगली, आणि माझ्या पायाला गार लागलं. तळातून पाणी आत येत होतं. दिवाळीपासून उन्हात सुकलेल्या फळ्या प्यायला लागल्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "घाबरू नका, आत्ता थांबेल." पण हे वाक्य पूर्ण व्हायच्या आत गफूरभाई "या अल्ला" म्हणून बाहेर, आणि मी त्यांच्या मागे. पाणी कमरेएवढं होतं, म्हणून ही शौर्यकथा सांगायला जिवंत आहे.

होडीत राहिले दोघं. नाना जागचा हलला नाही.

काठावर आप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले, गुडघे विसरून. "बघा," ते गावाला सांगत होते, "पानी आत आलं, दोन गडी पळालं, पन जावय बसून हाय. ह्येला म्हन्तात दर्याचा मानूस."

मी होडीला धरून उभा होतो, म्हणून मला जवळून दिसलं. नानाचे डोळे घट्ट मिटलेले. एक हात बैठकीला, आणि दुसऱ्या हातात वहिनींचं मनगट, असं आवळलेलं की दोन बांगड्या फुटल्या होत्या. वहिनींनी हात सोडवून घेतला नाही. एका हातानं सुकाणू धरून त्या समोर बघत होत्या आणि रडत हसत होत्या.

थोड्या वेळानं पाणी यायचं थांबलं. रंगाच्या डब्यानं आम्ही होतं ते उपसलं आणि मान खाली घालून परत आत चढलो. शीड वर गेलं, वारा भरला.

"जावयबापू," आप्पांनी काठावरून हाक दिली, "पयल्या फेरीचा मान तुमचा. सांगा, कुठं न्यायची?"

नानानं डोळे उघडले नाहीत.

"माणगावला," तो म्हणाला.